एकोणतिसाव्या दिवसाची गोळी

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर गेल्या पंधरवड्यात एका वाचक भगिनीचा प्रश्न छापून आला होता. कुटुंबनियोजनाची गोळी घ्यायची राहिली तर पुढे काय करावे, असे तिने विचारले होते आणि "घाबरून न जाता आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा" असे एका वाक्याचे उत्तर देऊन तो विषय संपवण्यात आला होता. उत्तरात चूक काही नाही. मात्र मी गुहागर तालुक्यात ३१ वर्षे आरोग्य सेविका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहे, आणि हे उत्तर आमच्या खाडीकाठच्या वाडीतल्या एखाद्या सुनेने वाचले तर तिच्या हाती काय पडेल, हा विचार मनातून जाईना, म्हणून हे पत्र लिहीत आहे. आमच्या वाडीहून डॉक्टर बसतात ते प्राथमिक आरोग्य केंद्र अठरा किलोमीटरवर आहे, एसटी दिवसातून तीन वेळा येते, आणि गोळी राहिल्याचे बाईच्या ध्यानात येते ते बहुधा रात्री शेवटचे भांडे पालथे घातल्यावर. त्या वेळी तिला सल्ला कोणाचा घ्यावा हे नको असते. पाकिटातली कोणती गोळी आत्ता गिळायची आणि कोणती तशीच ठेवायची, एवढेच तिला हवे असते.

गेल्या गणपतीतली गोष्ट सांगते. गौरीपूजनाची रात्र होती. पुढच्या पडवीत भजन चालले होते, त्यांच्यासाठी चहाचे आधण ठेवून मी मागल्या दारी आले तर शेजारच्या वाडीतली एक सून पदराखाली काहीतरी धरून उभी होती. माला-एन या कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांचे कोरे पाकीट होते. "नर्सबाय, पाकीट कालच गावलं. म्हंजे गोळी चुकली नाय ना?" असे तिने विचारले. मी चुलीच्या उजेडात तिला बसवले आणि दिवस मोजले. तिचे जुने पाकीट हरतालिकेच्या दिवशी संपले होते. नव्या पाकिटातली पहिली पांढरी गोळी चतुर्थीच्या दिवशी पोटात जायला हवी होती, पण आशाताईंकडचा साठा संपलेला होता, पुढचा आला नव्हता, आणि घरात वीस माणसे उतरलेली असताना पाकिटासाठी दोन वाड्या पलीकडे जाणे तिला जमले नव्हते. अशा रीतीने चार दिवस गेले. नवऱ्याला मुंबईत रजा उशिरा मिळाली होती, तो परवाच्या पहाटे घरी पोहोचला होता.

तिच्या हिशेबाने तिची एकही गोळी चुकलेली नव्हती, कारण हातातले पाकीट फोडलेलेच नव्हते. माझ्या हिशेबाने महिन्यातली सर्वांत महत्त्वाची गोळी तिची चुकली होती. नोकरीच्या काळात हा एकच गैरसमज मी इतक्या दारांत ऐकला आहे की, "गोळी चुकणे" या शब्दांचा अर्थच आधी नीट सांगायला हवा असे मला वाटते.

माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांतल्या २१ पांढऱ्या आणि ७ तपकिरी. गर्भधारणा थांबवणारी संप्रेरके फक्त पांढऱ्या गोळ्यांत असतात. तपकिरी गोळ्या लोहाच्या असतात. रोज एक गोळी घेण्याची सवय मोडू नये आणि रक्तही वाढावे, अशा दुहेरी हेतूने त्या पाकिटात घातलेल्या आहेत. पाळी या तपकिरी गोळ्यांच्या आठवड्यात येते. पांढऱ्या गोळीचे मुख्य काम बीजकोशातून बीज बाहेर पडू न देणे हे आहे. आमच्या बैठकांत मी सांगत असे की, ही गोळी बीजकोशाला झोपवून ठेवते. सलग सात दिवस पांढरी गोळी गेली की ही झोप पक्की लागते, आणि सलग सात दिवस पांढरी गोळी गेली नाही तरी ती मोडत नाही. म्हणूनच तपकिरी गोळ्यांच्या सात दिवसांतही बाई सुरक्षित असते. पण ही सवलत सातच दिवसांची आहे. आठवा, नववा, दहावा दिवस गोळीविना गेला तर बीजकोश जागा होऊ लागतो, आणि त्यानंतर पांढरी गोळी सुरू केली तरी त्या वेळी निघालेले बीज परत फिरत नाही.

हे एकदा कळले की पुढचे सारे नियम पाठ न करताही उमगतात. पाकिटाच्या मध्यावर, म्हणजे बारा-पंधरा गोळ्या नेमाने घेऊन झाल्यावर एखादी गोळी राहिली, तर झोप गाढ लागलेली असल्याने फारसे काही बिघडत नाही. तीच चूक पाकिटाच्या आरंभी किंवा पांढऱ्या गोळ्यांच्या शेवटी झाली, तर ती तपकिरी गोळ्यांच्या सात दिवसांना जाऊन चिकटते आणि खंड सातावरून नऊ, दहा, अकरा दिवसांवर जातो. माझ्या मागल्या दारी आलेल्या मुलीच्या बाबतीत हा खंड अकरा दिवसांचा झाला होता. म्हणून मी म्हणते की, अठ्ठावीस गोळ्या संपल्यावर एकोणतिसाव्या दिवशी नवे पाकीट फोडले गेले नाही, तर ती गोळी चुकलीच. मग ती विसरल्यामुळे चुकलेली असो, लाजेमुळे असो, की सरकारी साठा न आल्यामुळे असो. बीजकोश कारण विचारत बसत नाही.

आता आपल्या वाचक भगिनीच्या मूळ प्रश्नाकडे येते. एकच पांढरी गोळी राहिली असेल तर आठवण होताच ती घ्यावी आणि त्या दिवसाची गोळी नेहमीच्या वेळेला घ्यावी. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळीच आठवण झाली तर दोन्ही गोळ्या एकत्र घेतल्या तरी चालतात. थोडे मळमळेल, त्यापलीकडे काही होत नाही. एवढ्यासाठी निरोध वापरण्याची किंवा धावपळ करून दुसरी कोणती गोळी आणण्याची गरज नाही, पाकीट टाकून देण्याची तर मुळीच नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण एक गोळी राहिली म्हणून घाबरून उरलेले सगळे पाकीट चुलीत घातलेली बाई मी पाहिली आहे. एका गोळीची चूक तिने अशा रीतीने पंधरा गोळ्यांची केली.

लागोपाठ दोन किंवा अधिक पांढऱ्या गोळ्या राहिल्या असतील तर प्रकरण वेगळे. राहिलेल्यांपैकी एकच गोळी आठवण होताच घ्यावी, बाकीच्या राहिलेल्या टाकून द्याव्यात, आणि पुढच्या गोळ्या रोज एक याप्रमाणे चालू ठेवाव्यात. तीन राहिल्या म्हणून तिन्ही एकदम गिळू नयेत. त्याने उलट्या होतात आणि मिळत काही नाही. यानंतर सलग ७ दिवस पांढरी गोळी पोटात जाईपर्यंत नवऱ्याने निरोध वापरावा किंवा दोघांनी संबंध टाळावेत. या "दोन किंवा अधिक" वरून जाणकारांत थोडा फरक आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन माला-एनच्या मात्रेच्या गोळ्यांसाठी सलग ३ गोळ्यांपासून निरोध वापरायला सांगते, तर अमेरिकेतले मार्गदर्शन २ पासून. काही जुन्या पत्रकांत दोन दिवस दोन-दोन गोळ्या घ्या असेही छापलेले आढळते. मी सारी नोकरी दोन हाच आकडा सांगत आले, कारण आठवडाभर निरोध वापरल्याने कोणाचे नुकसान होत नाही, आणि "दोनच राहिल्यात" असे म्हणणाऱ्या बाईच्या पाकिटात मोजायला बसले की पुष्कळदा तीन निघतात.

याखेरीज गोळ्या कोणत्या आठवड्यातल्या राहिल्या, हेही पाहावे लागते. पांढऱ्या गोळ्यांच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे पंधराव्या ते एकविसाव्या गोळीच्या दरम्यान दोन किंवा अधिक राहिल्या असतील, तर उरलेल्या पांढऱ्या गोळ्या संपवून तपकिरी गोळ्या बाजूला ठेवाव्यात आणि दुसऱ्याच दिवशी नव्या पाकिटातली पांढरी गोळी सुरू करावी. त्या महिन्यात पाळी येणार नाही किंवा थोडे डाग दिसतील. त्याने अपाय नाही. पहिल्या आठवड्यात राहिल्या असतील, किंवा नवे पाकीटच उशिरा सुरू झाले असेल, आणि मागच्या पाच दिवसांत संबंध आलेला असेल, तर तातडीच्या गोळीचा किंवा तांबीचा (कॉपर-टीचा) विचार करावा लागतो. त्यांच्याविषयी खाली लिहिते. तपकिरी गोळ्यांपैकी एखादी किंवा सगळ्या राहिल्या तर काहीही बिघडत नाही. त्या टाकून द्याव्यात, मात्र नवे पाकीट ठरल्या दिवशीच उघडावे. तपकिरी गोळ्या राहिल्या म्हणून त्या भरून काढायला दोन दिवस जास्त घेत बसणे, हा वरवर अतिशय शिस्तीचा वाटणारा आणि प्रत्यक्षात एकोणतिसावा दिवस चुकवणारा प्रकार मी सुशिक्षित बायकांत अधिक पाहिला.

गोळी घेतल्यापासून दोन-तीन तासांत उलटी झाली तर ती गोळी पोटात गेली नाही असे धरून दुसरी घ्यावी. दोन दिवसांहून अधिक काळ जोराच्या उलट्या-जुलाब चालले तर त्या दिवसांच्या गोळ्या चुकल्या असेच समजावे. टीबीच्या औषधांतल्या रिफाम्पिसिनमुळे आणि फिटांच्या काही औषधांमुळे या गोळीचा असर कमी होतो. अशा बाईने गोळी न चुकवताही दुसरे साधन विचारून घ्यावे. साध्या तापा-खोकल्याच्या अँटिबायोटिकने असे होत नाही.

तातडीच्या गोळीला आमच्याकडे "बहात्तर तासांची गोळी" म्हणतात. तिच्यात लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम असते, ती आशाताईंकडे मिळते आणि मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवायही मिळते. नावातले बहात्तर तास ही शेवटची मुदत आहे, पण बायका तेवढा वेळ हाती आहे असे समजून बुधवारच्या बाजारापर्यंत थांबतात. जितका उशीर, तितका तिचा उपयोग कमी. ती घेतल्यावर नेहमीचे पाकीट बंद करायचे नसते. दुसऱ्या दिवसापासून पांढरी गोळी चालू करून सात दिवस निरोध वापरायचा असतो, हे मेडिकलच्या काउंटरवर सांगितले जाताना मी तरी कधी ऐकले नाही. ही गोळी गर्भ पाडत नाही. गर्भ राहिलेला असेल तर तिचा काही परिणाम होत नाही. गर्भपाताच्या गोळ्या हा पूर्ण वेगळा प्रकार आहे आणि त्या डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेण्याच्या नाहीत. दोन्हींना लोक "ती गोळी" म्हणतात आणि नवरा मेडिकलमध्ये जाऊन खालच्या आवाजात "ती गोळी" मागतो, तेव्हा त्याच्या हातात काय पडेल याची मला नेहमी धास्ती वाटे. पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेतली तर ती तातडीच्या गोळीपेक्षाही भरवशाची ठरते आणि पुढची कित्येक वर्षे रोजच्या आठवणीतून सुटका करते, परंतु त्यासाठी तांबी बसवणारे प्रशिक्षित माणूस त्या पाच दिवसांत जागेवर हवे.

त्या रात्री मी त्या मुलीला बसवून ठेवले आणि आमच्या वाडीच्या आशाताईंना बोलावणे पाठवले. त्याही भजनातच होत्या. त्यांच्याकडे तातडीची गोळी निघाली, ती तिने माझ्यासमोर पाण्याच्या घोटाबरोबर घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून पहिली पांढरी गोळी आणि सात दिवस निरोध, हे मी तिला पाकिटाच्या मागच्या बाजूला पेनाने लिहून दिले. तीन आठवड्यांनी ती "निश्चय"ची चाचणी करायला आली, तेव्हा त्या चाचणीत गर्भ नसल्याचे दिसले. पाकीट दाखव म्हटले तर म्हणाली, "डब्यात हाय, कुळथाच्या." कुळथाचा डबा तिने निवडला, कारण त्या घरात कुळीथ तिच्याशिवाय कोणी काढत नाही. आठवड्यातून दोनदा पिठले होते, बाकीचे पाच दिवस त्या डब्याला तिचा हात लागत नाही. मी तिला पाकीट रोज सकाळी उघडावा लागणाऱ्या चहापत्तीच्या डब्यामागे ठेवायला सांगितले. सासूला दिसले तर? तर दिसले. सासूनेही तिच्या काळात माझ्याकडूनच पाकिटे नेलेली आहेत, पण हे मी तिला सांगितले नाही.

कोकणात गोळी चुकण्याचे आणखी एक कारण आहे, त्याची चर्चा आरोग्याच्या पानांवर कधी होत नाही. आमच्याकडे अनेक घरांतला कर्ता पुरुष मुंबईला असतो आणि गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात येतो. बंदरावरच्या घरांत याच्या उलट असते. खलाशी मासेमारीच्या हंगामात बोटीवर आणि जून-जुलैच्या बंदीत घरी. अशा घरातली बाई सरळ हिशेब करते की नवरा घरी नसताना गोळी कशाला, आणि तो आला त्या दिवशी पहिली गोळी घेते. तिच्या दृष्टीने ती एकही गोळी चुकवत नाही. प्रत्यक्षात पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत पाकीट सुरू केले तरच ते लगेच संरक्षण देते. इतर वेळी सुरू केले तर गर्भ नसल्याची खात्री करून पहिले सात दिवस निरोध वापरावाच लागतो. आणि मुंबईहून आलेल्याची रजा मुळात सात-आठ दिवसांची असते! तेव्हा चाकरमानी येण्याच्या आधीच्या पाळीला पाकीट सुरू करणे, किंवा वर्षातून दोनदाच गरज असेल तर रोजच्या गोळीच्या भानगडीत न पडता निरोध किंवा तांबी निवडणे, हा सल्ला आमच्या भागात प्रत्येक पाकिटासोबत दिला गेला पाहिजे. गणपतीनंतर दीड-दोन महिन्यांनी उपकेंद्रात येणाऱ्या बायकांचे चेहरे मी तीन दशके पाहिले आहेत.

गणपतीचाच आणखी एक घोळ म्हणजे पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या. पूजेच्या दिवसांत पाळी यावी की न यावी, याविषयीचे माझे मत येथे सांगत नाही. परंतु माला-एन घेणारी बाई ते पाकीट बाजूला ठेवून मेडिकलमधून नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या आणते आणि त्याही "गोळ्याच" असल्यामुळे आपण सुरक्षित आहोत असे समजते. पाळी लांबवण्यासाठी जशा त्या दिल्या जातात, तशा त्यांचा गर्भनिरोधक म्हणून भरवसा धरता येत नाही. वास्तविक माला-एन घेणारीला दुसरी कोणतीही गोळी आणण्याचे कारण नाही. तपकिरी गोळ्या न घेता थेट नव्या पाकिटातली पांढरी सुरू केली की पाळी आपोआप पुढे जाते आणि संरक्षणही सुटत नाही.

आता "छाया" या दुसऱ्या गर्भनिरोधक गोळीविषयी. ही गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधली गेली, तिच्यात संप्रेरके नाहीत, आणि बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते. माला-एन मात्र अशा आईला बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत चालत नाही. सरकारी कार्यक्रमात ती आल्यापासून एकाच आशाताईंच्या पिशवीत दोन प्रकारची पाकिटे असतात आणि दोन्हींचे नियम वेगळे आहेत. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या दोन वारी, आणि त्यानंतर आठवड्यातून एकदा, पहिल्या गोळीच्या वारी घ्यायची असते. रविवारी सुरू केली तर रविवार आणि बुधवार, तीन महिन्यांनी फक्त रविवार. ती चुकली आणि सात दिवसांच्या आत आठवण झाली, तर लगेच घ्यावी, वार पूर्वीचेच ठेवावेत आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरावा. सात दिवसांहून अधिक काळ गेला तर पहिल्यापासून आरंभ करावा, म्हणजे पुन्हा तीन महिने आठवड्यातून दोनदा. जावाजावांनी एकमेकींचा सल्ला घेऊन छायेला माला-एनचा नियम लावल्याची आणि एकीने तर माला-एन दर रविवारी घेतल्याची उदाहरणे माझ्या नोंदवहीत होती. त्या बायकांना मी कधी हसले नाही, कारण दोन्ही पाकिटे देताना एकच वाक्य सांगणारे आम्हीच होतो.

गोळ्या चुकल्या, पाळीही आली नाही, आणि तरी बाई पांढऱ्या गोळ्या घेत राहिली, असेही होते. मग गर्भ असल्याचे कळल्यावर "माझ्या गोळीने बाळाला काही झाले असेल का" या भीतीने ती खचून जाते. गर्भ राहिल्याचे माहीत नसताना घेतलेल्या या गोळ्यांमुळे बाळाला इजा झाल्याचे आढळलेले नाही. गोळ्या बंद कराव्यात आणि पुढे काय करायचे ते तिने शांतपणे ठरवावे. डॉक्टरांकडे ताबडतोब धाव घेण्याची वेळ मात्र वेगळी आहे. गोळी चालू असताना एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, छातीत दुखले, दम लागला, कधी नव्हे असे डोके दुखले किंवा दिसेनासे झाले, तर पुढच्या एसटीची वाट पाहू नये. मिळेल ते वाहन करून रुग्णालय गाठावे. उच्च रक्तदाब असलेल्या, पस्तिशीनंतर विडी-सिगारेट ओढणाऱ्या किंवा पूर्वी रक्ताची गाठ झालेल्या बाईने माला-एन सुरूच करू नये. "डॉक्टरांचा सल्ला घ्या" हे वाक्य या ठिकाणी छापा, येथे ते शोभते.

ही गोळी एकही न चुकवता घेतली तर वर्षभरात हजारात सुमारे ३ स्त्रियांना दिवस जातात. प्रत्यक्ष घरांत जशी घेतली जाते तशी घेतली तर शंभरात सुमारे ७. या दोन आकड्यांमधल्या अंतराला सगळे "बायकांचा विसराळूपणा" म्हणतात. त्यातला काही भाग विसराळूपणाचा आहे, हे मी नाकारत नाही. पण माझ्या नोकरीत एका केंद्रावर, त्याचे नाव मी येथे घेत नाही, पावसाळ्यात एकदा तीन आठवडे माला-एनचे एकही पाकीट आले नाही. मी मागणीपत्रे पाठवत राहिले, आणि बायका येऊन रिकाम्या हातांनी परत जात राहिल्या. त्यांच्यातल्या दोघींना दिवस गेले. नोंदीत कारणाच्या रकान्यात "लाभार्थीने गोळ्या अनियमित घेतल्या" असे लिहावे लागले, कारण दुसरे कारण लिहायला रकानाच नव्हता. ती नोंद माझ्याच अक्षरात आहे.

म्हणून माझी पहिली विनंती आरोग्य खात्याला आहे. बाईला एका वेळी एकच पाकीट देण्याची सवय सोडावी. तब्येतीची अडचण नसलेल्या स्त्रीला एका वेळी वर्षभराची पाकिटेही द्यावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वर्षाची जाऊ द्या, निदान मृगाच्या आधी चार पाकिटे प्रत्येकीच्या हाती पडावीत, म्हणजे खाडीतली फेरीबोट बंद पडो, रस्त्यावर दरड येवो, की आशाताई स्वतः तापाने आजारी पडो, तिचा एकोणतिसावा दिवस तिच्या डब्यात तयार असेल. पाकिटासोबतचे माहितीपत्रकही चष्म्यावर चष्मा लावून वाचावे लागणार नाही एवढ्या टाइपात आणि बोलण्यातल्या मराठीत असावे. दापोलीजवळच्या मुरुडच्या घराण्यातल्या र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, त्याला शंभर वर्षे उलटून गेली. एवढ्या काळात एक वाचता येण्याजोगा कागद आपल्याला जमायला हरकत नव्हती.

दुसरी विनंती आपल्याला. हे पत्र लांबले आहे, सगळे छापणे शक्य नसेल तर माझ्या हकिगती काढून टाकल्या तरी चालतील. पण एक राहिली तर काय, दोन किंवा अधिक राहिल्या तर काय, तिसऱ्या आठवड्यात काय आणि नवे पाकीट उशिरा मिळाले तर काय, एवढा भाग चौकटीत, जाड टाइपात आणि गणपतीच्या आधीच्या आठवड्यात छापावा. चौकट पानाच्या अशा कोपऱ्यात यावी की ती कापून घेतली तर मागच्या बाजूला पंचांग किंवा एसटीच्या जादा गाड्यांचे वेळापत्रक कापले जाणार नाही. कारण ते कापले गेले, तर घरातला कोणी ना कोणी कात्री लावणाऱ्या बाईला विचारील की पेपराला भोक कोणी पाडले, आणि मग तिला उत्तर द्यावे लागेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी
(नाव व पत्ता संपादकांपाशी)